‘कुठं चालत नाही’ हे कोण लिहिणार?

रब्बीची पेरणी उरकली आणि हरभऱ्याला पहिलं पाणी द्यायची वेळ आली की मराठवाड्यात डीपी जळायला लागतात. महावितरणच्या कागदावर त्याला रोहित्र म्हणतात, गावात डीपीच. जळालेली डीपी खांबावरून उतरवायची, ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला न्यायची, वर्गणी गोळा करायची, खेटे घालायचे, तोवर पीक माना टाकतं. याच्या बातम्या दर हंगामात येतात. कारणाची बातमी सहसा येत नाही, आणि कारण तर बारावीच्या भौतिकशास्त्रात बसेल इतकं साधं आहे.

६३ केव्हीएच्या डीपीला साधारण ८५ अँपिअर झेपतात. पाच एचपीची मोटार नीट चालू असताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे दहा मोटारी सुखानं चालाव्यात. पण ही मोटार थेट चालू केली की पहिले काही सेकंद ती सहापटीच्या आसपास करंट ओढते. शेतकऱ्यानं तिला ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइन आली की मोटार आपोआप चालू. एकेकट्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. घोळ असा की लाइन येते ती फीडरवरच्या, म्हणजे एकाच मुख्य वाहिनीवरच्या, सगळ्यांना एकाच क्षणी. दहाच्या दहा मोटारी एकदम उठतात आणि साडेचारशे अँपिअर मागतात. व्होल्टेज खाली बसतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की जोर निम्माच उरतो. निम्म्या जोरावर मोटार वेग घेत नाही, आणि वेग घेत नाही तोवर करंट उतरत नाही. फ्यूज उडतो. मग कुणीतरी किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खोबणीत, जाड तार बांधतो आणि फ्यूजऐवजी डीपीच जळायची सोय होते.

यावर महावितरणचं सांगणं असतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. सल्ला चुकीचा नाही. पण वायरमननं तो बांधावर उभं राहून सांगितला की उत्तर ठरलेलं असतं: “सायेब, लाइन येती रात्री दोनला. इच्चू-काट्याचं कोण जाईल मोटार चालू कराया?” या उत्तराला परिपत्रकात जागा नाही. परिपत्रकात फक्त काय करायचं ते असतं. शेतकऱ्याला ऑटो स्विच का लागतो, तो काढला तर त्याच्या पदरात काय पडतं, हे त्यात नसतं. त्यामुळे स्विच राहतो आणि डीपी जळते.

आता थोडं दूर जाऊ. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. वाहिनी एकच, बोलणारे अनेक. दोघं एकदम बोलले की दोघांचाही संदेश फुकट जायचा, आणि दोघांनी लगेच पुन्हा प्रयत्न केला की पुन्हा तेच. त्यांनी काढलेला तोडगा असा: टक्कर झाली की प्रत्येकानं थोडं थांबायचं, पण प्रत्येकानं वेगवेगळा वेळ, कुठलाही, चिठ्ठी उचलल्यासारखा. पुढं इथरनेटनं हेच घेतलं आणि त्यात भर घातली की पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मुदत दुपटीनं वाढवत न्यायची. आज मोठ्या सर्व्हरांची सॉफ्टवेअरं याच बेतानं लिहितात. बंद पडलेला सर्व्हर उठताक्षणी लाखो मोबाइल एकदम धडकले तर तो परत झोपतो. निकालाच्या दिवशी किंवा तलाठ्याच्या टेबलावर ‘सर्व्हर डाउन’ ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डीपी आणि सर्व्हर यांचं दुखणं एकच आहे. वायरमनला सर्व्हर माहीत नाही आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या पोराला डीपी माहीत नाही, असंही नाही. हिंजवडीत बसलेली कितीतरी पोरं औसा-निलंग्याचीच आहेत, सुट्टीत गावी आली की रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर तीच जातात. तरी एका कामातला अनुभव दुसऱ्या कामात उतरत नाही. मोटार उशिरानं चालू करणारे टायमरवाले स्टार्टर बाजारात मिळतात. पण त्यांच्यातली मेख सांगणारा कुणी नाही. दहा शेतकऱ्यांनी एकाच कंपनीचे टायमर आणले आणि सगळ्यांवर कारखान्यातून आलेले तीसच सेकंद ठेवले, तर दहाही मोटारी तीस सेकंद उशिरा का होईना, पुन्हा एकदमच उठणार. वेळ वेगळा हवा, हा सगळा मुद्दा. संगणकवाल्यांनी ठेच लागून जी गोष्ट शिकली, ती नेमकी हीच आहे.

असा अनुभव एका शाखेतून दुसऱ्या शाखेत न्यायचं एक साधन गेली पन्नास वर्षं उपलब्ध आहे. त्याला डिझाइन पॅटर्न म्हणतात: वारंवार येणारी अडचण आणि तिच्यावर टिकलेला तोडगा, कुठल्या परिस्थितीत ते सांगून, ठरलेल्या रकान्यांत लिहायचा. माझं म्हणणं असं की मराठवाड्याच्या अभियंत्यांनी, गवंड्यांनी, वायरमननी आणि फिटरनी आपला अनुभव या साच्यात लिहायला घ्यावा, मराठीत घ्यावा, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘कुठं वापरू नये’ हा मानावा. कारण आपल्याकडं नेमका तोच रकाना कोरा राहतो, आणि त्याची किंमत आपण कोट्यवधी रुपयांच्या काँक्रीटमध्ये मोजली आहे.

ही कल्पना मुळात संगणकाची नाही, घरबांधणीची आहे. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद ख्रिस्टोफर अलेक्झांडर साठच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातेतल्या एका खेड्यात काही महिने राहिले होते. गावाच्या गरजा एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात याचा त्यांनी तिथं बारकाईनं अभ्यास केला. १९७७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २५३ पॅटर्नचा जाडजूड ग्रंथ काढला. प्रत्येक पॅटर्नची मांडणी ठरलेली: कोणत्या परिस्थितीत, कोणती अडचण वारंवार येते, तिथं कोणकोणत्या ओढी एकमेकींविरुद्ध ताणतात, आणि त्यातून कोणता तोडगा टिकलेला दिसतो. एक पॅटर्न मला फार आवडतो. सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी कुणी वापरत नाही. आपल्या शहरांतल्या फ्लॅटांच्या तीन फुटी बाल्कन्यांत वॉशिंग मशीन, तुळस आणि जुनी सायकल यांच्यापलीकडं कोण बसतं, ते बघून घ्यावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अलेक्झांडर यांनी प्रत्येक पॅटर्नच्या नावापुढं खात्रीचं माप छापलं. दोन तारे म्हणजे यात काही मूलभूत सापडलं असं आम्हाला वाटतं. एक तारा म्हणजे दिशा बरोबर, पण अजून सुधारेल. तारा नाही म्हणजे आमची खात्री नाही, तुम्हीच तपासा. आमची खात्री नाही, असं छापील तांत्रिक पुस्तकात लिहिणारा अभियंता आपल्याकडं कधी भेटला? आपल्या प्रकल्प अहवालांत सगळ्याला दोन तारे असतात.

१९८७ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये आणली; १९९४ मध्ये चार लेखकांनी २३ पॅटर्नचं पुस्तक लिहिलं आणि ते संगणकाच्या अभ्यासक्रमात कायमचं बसलं. याच कनिंगहॅमनी १९९५ मध्ये पॅटर्न सगळ्यांनी मिळून लिहावेत, दुरुस्त करावेत म्हणून पहिलं विकी तयार केलं. आज मराठी विकिपीडियावर आपण जे वाचतो, त्या तंत्राचा जन्म अनुभवाची देवाणघेवाण करण्याच्या या खटाटोपातून झाला. शाखांची ये-जा तेव्हापासून चालूच आहे. एखादी सेवा बिघडली की तिच्याकडं जाणाऱ्या मागण्या काही काळ तोडून टाकायच्या, या पॅटर्नला सॉफ्टवेअरवाल्यांनी सरळ ‘सर्किट ब्रेकर’ म्हटलं. जहाजाच्या तळात आडव्या भिंती घालून कप्पे करतात, म्हणजे एक फुटला तरी जहाज बुडत नाही. ती कल्पनाही त्यांनी उचलली. विजेच्या आणि जहाजाच्या माणसांना कुणी परत काही दिलं का, हा प्रश्न मात्र राहतो.

शाखा ओलांडून जाणारा तोडगा आपल्या अंगणातही आहे. बंद नळातून पाणी नेताना उंचवट्याला हवा साठते, प्रवाह अडतो, आणि तीच हवा दाबली जाऊन अचानक सुटली की नळ फुटतो. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणायची वाट, आणली. शहराच्या नहरींच्या वाटेवर जे उंच मनोरे दिसतात, लोक त्यांना बंबे म्हणतात, त्यांच्यात पाणी वर चढतं, हवा सुटते, दाब मोडतो आणि मग पाणी पुढं जातं. आज ठिबकच्या मुख्य नळीवर उंच जागी एअर व्हॉल्व्ह बसवतात तो याचसाठी. आणि तो आणखी एक काम करतो, मोटार बंद पडली की बाहेरची हवा आत घेतो. तो नसेल तर नळीत पोकळी होऊन ड्रिपरच्या भोकातून चिखल आत ओढला जातो, आणि शेतकरी कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. वाळूजच्या कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसचं तेल बदललं की फिटर सर्वांत आधी लाइनमधली हवा काढतो. गॅरेजमधला मिस्त्री ब्रेकचं तेच करतो. चौघांचं ज्ञान एकच, पण ठिबक बसवणाऱ्याला ‘उंच जागा शोध’ हे सांगायला प्रेसवरचा फिटर कधी जात नाही. सपाट रानात एकच व्हॉल्व्ह पुरतो आणि चढउताराच्या रानात प्रत्येक उंचवट्याला लागतो, एवढं एक वाक्य लिहिलेलं असतं तर कितीतरी नळ्या वाचल्या असत्या.

हे झालं सोपं उदाहरण. अवघड आहे ते कोल्हापुरी बंधाऱ्याचं, आणि तिथं मला थोडं थांबायचं आहे.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही अस्सल देशी आणि हुशार रचना आहे. नदीत दगडी खांब उभे करायचे, खांबांना खाचा ठेवायच्या. पावसाळ्यात मधल्या मोऱ्या मोकळ्या. पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. पावसाळा सरला की खाचांत लाकडी बरगे घालायचे, दोन ओळींच्या मध्ये माती दाबायची, झाला बंधारा. मे संपता संपता बरगे काढून ठेवायचे. स्वस्त, दुरुस्तीला सोपा, गाळानं न भरणारा. कोल्हापूरच्या नद्यांवर तो शोभतो, कारण तिथं पाऊस सरल्यावरही नदी वाहती असते, वर राधानगरीसारखं धरण आहे आणि त्यातून सोडलेलं पाणी एकेक बंधारा पुन्हा पुन्हा भरत खाली येतं. शिवाय बंधाऱ्याच्या दोन्ही काठांवर उसाच्या पाणीपुरवठा संस्था आहेत. बरगे वेळेवर पडले नाहीत तर ज्यांचा ऊस वाळतो, तेच बरगे घालायला उभे राहतात.

ही रचना मराठवाड्यात आली तेव्हा खांब आले, खाचा आल्या, बरग्यांच्या जागी लोखंडी दारं आली. सोबत जी परिस्थिती यायला हवी होती ती येणं शक्यच नव्हतं. इथं पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास, तीही लहरी. कित्येक वर्षी जून-जुलै कोरडे जातात आणि सप्टेंबरात परतीचा पाऊस येऊन चार दिवसांत नदी दुथडी भरते. तो पूर ओसरला की मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना या नद्यांची धार झपाट्यानं बारीक होते. म्हणजे दारं टाकायची कधी? पूर येण्याआधी टाकली तर पाणी दारांवरून आणि बाजूनं जातं, काठ कापतो आणि बंधारा नदीत एकटा उभा राहतो. बाजूनं नदी वाहते. पूर गेल्यावर टाकली तर अडवायला पाणी उरत नाही. हातानं टाकायची दारं भर पुरात टाकता येत नाहीत, ही या रचनेची मर्यादा. कोल्हापुरात ती जाणवत नाही, इथं तीच सगळं ठरवते. त्यात दारं उन्हाळ्यात काढून ठेवायची कुठं, राखायची कुणी? बंधारा खात्याचा, पाणी कुणाचंच नाही, मग दारं भंगारात जातात. बीड, जालना, परभणीच्या स्थानिक बातम्यांत ‘बंधाऱ्याचे दरवाजे चोरीला’ हा मथळा वाचून कुणी चकितही होत नाही.

पुढं मांजरा-तेरणेवर बॅरेज आले, यंत्रानं उचलता-पाडता येणाऱ्या दारांचे. पूर चालू असताना दार खाली आणता येतं, म्हणून शेवटच्या पुराचं पाणी धरता येतं. त्याची किंमत वेगळी: बांधकाम महाग, मोटारी, वीज, ऑपरेटर, ग्रीस, आणि ऐन पुराच्या रात्री शुद्धीवर असणारा माणूस. या सगळ्या गोष्टी खात्यातल्या जुन्या शाखा अभियंत्यांना पाठ आहेत. चहाच्या टपरीवर ते अर्ध्या तासात सगळं सांगतात, कुठल्या नदीला काय मानवतं, कुठल्या काठाची माती कापते. मग ते निवृत्त होतात. कचेरीत मागं राहतात ती अंदाजपत्रकं आणि मोजमाप वह्या. त्यांत किती घनमीटर काँक्रीट पडलं ते दोन दशांशांपर्यंत सापडतं. ते तिथं पडायला नको होतं, हे कुठंच सापडत नाही.

मराठवाड्याला ‘पॅटर्न’ नवे नाहीत म्हणा. लातूर पॅटर्ननं गुणवत्ता याद्या गाजवल्या, आणि मग गावोगाव त्याच्या पाट्या लागल्या. शिरपूर पॅटर्न धुळे जिल्ह्यातून आला; नाले खोल आणि रुंद करायचे, बंधारे घालायचे. तापीकाठच्या गाळाच्या जाड थरात पाणी मुरतं. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात किती मुरेल, हे थरागणिक बदलतं. जलयुक्त शिवारात २०१५ नंतर खोलीकरणाचा धडाका लागला तेव्हा अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता, आणि पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं न होता थेट नाल्यात पोकलेन उतरल्याची तक्रारही केली होती. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. यश मिळालं की आपण त्याचं चित्र उचलतो आणि अटी मागं ठेवतो. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीला शेततळी आणि द्राक्षं बघायला बसगाड्या जातात. माणसं प्लास्टिक अंथरलेलं तळं बघून येतात. त्याआधी वर्षानुवर्षं डोंगरउतारावर झालेलं मातीचं काम बसच्या खिडकीतून दिसत नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर आपल्याला काहीच जमलं नाही असं वाटेल. काळ्या जमिनीत सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरी ही पद्धत परभणीचं कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं सांगत आलं आहे. तिचं मूळ काम सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत झालं. तिच्या सांगण्यात अटी आहेत: जमीन भारी हवी, उतार थोडा हवा, पाऊस जास्त झाला तर सरी निचरा करते आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. दोन विरुद्ध ओढी, एक तोडगा, आणि तो कुठं लागू पडतो याची हद्द. याला पॅटर्न म्हणायचं ते नाव कुणी दिलं नाही, पण लिखाण त्याच जातीचं आहे. शेतीवाल्यांना जमलं ते बांधकामवाल्यांना जमायला हरकत नाही.

किल्लारीची गोष्ट इथं टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं आपल्याच घरांच्या भिंतींखाली गेली. घरं दगड-मातीची, भिंती दोन-अडीच फूट, कुठं त्याहून जाड. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात: बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मध्ये खडी-मातीचा भराव. दोन्ही पदरांना शिवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात पदर सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना तसाच ठेवायचा. पिढ्यांच्या थरांचं ओझं डोक्यावर. ज्या घरांना नीट सांधलेला लाकडी खणांचा सांगाडा होता, तिथं पुष्कळदा भिंती पडूनही माळवद खांबांवर उभं राहिलेलं दिसलं.

त्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानकांत याचं उत्तर आहे: भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नको, आरपार दगड उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडवे १.२ मीटरच्या आत हवेत, आडवे पट्टे हवेत. नियम चोख आहे. पण गवंडी म्हणेल की भिंत जाड असते ती चैन म्हणून नव्हे. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आत गारवा राहतो, दारं-खिडक्या थोड्या म्हणून चोरापासून राखण होते. नियमाला या ओढीशी देणंघेणं नाही. मग लोकांनी आपापला धडा घेतला: दगड वाईट, सिमेंट चांगलं. पुनर्वसनात गावं नव्या जागी चौकटीत आखली गेली, घरं सिमेंटची झाली. दुपारी आत बसवेना. दगडाची सुरक्षित भिंत बांधता येते, हे ज्ञान मानकात होतं. ते का बाळगावं आणि गारव्याचं काय करावं, हे गवंड्याशी बोलणारं लिखाण नव्हतं. नियम पाळायला लावतो. पॅटर्न पटवतो, आणि पटलेली गोष्ट तपासणीस नसतानाही होते.

आता आक्षेप. पहिला सॉफ्टवेअरवाल्यांकडूनच येतो, आणि तो खरा आहे. पॅटर्नचं पुस्तक आलं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं पोरांनी जिथं चार ओळी पुरल्या असत्या तिथं चार पॅटर्न कोंबले. मुलाखतीत नावं विचारली जाऊ लागली. परिस्थितीचा रकाना सोडून आकृती पाठ केली की हेच होणार. कोल्हापुरी बंधाऱ्यात झालं तेच. म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूनं बोलतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल. हाताचं ज्ञान कागदावर उतरत नाही. वेल्डर आवाजावरून ओळखतो, गवंडी दगड हातात फिरवून त्याचं तोंड शोधतो; हे लिहून काय होणार? खरंय, सगळं उतरणार नाही. सोव्हिएत संघातल्या गेन्रिख आल्टशुलर यांनी हजारो पेटंटं चाळून सगळ्या शाखांना लागू पडतील अशी ४० सूत्रं काढली. ती वाचायला मजा येते, पण बांधावर उभं राहून वापरायला जा, फारशी हाती लागत नाहीत, कारण ती इतकी वर उचलली आहेत की मातीच उरली नाही. पॅटर्न मधल्या पायरीवर राहतो. तो वेल्डरचा हात देत नाही. वेल्डरनं कुठं थांबायचं ठरवलं आणि का, एवढं देतो.

खरी अडचण तिसरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी मोठ्यानं बोलत नाही. बंधारा चालला नाही असं अभियंत्यानं लिहिलं की चौकशी लागते. लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो, वसुलीची नोटीस निवृत्तिवेतनापर्यंत जाते. कारखान्यातही तेच, मशीन का बसलं याच्या अहवालात कारणापेक्षा माणूस आधी शोधतात. अशा वातावरणात ‘कुठं चालत नाही’ हा रकाना कोरा राहिला तर नवल काय? भ्रष्टाचाराचं पांघरूण हवं असं मी म्हणत नाही. जिथं पैसा खाल्ला तिथं चौकशी व्हावीच. पण प्रामाणिकपणे केलेली आणि फसलेली रचना आणि खाल्लेला पैसा या दोन्हींना एकच दार ठेवलं की दोन्ही लपतात.

यावर उपाय इतर क्षेत्रांत आहेत. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि हवाई नियंत्रक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात एका गोपनीय व्यवस्थेकडं कळवतात. ती व्यवस्था शिक्षा करू शकणाऱ्या विमान वाहतूक खात्याकडं नाही, नासाकडं आहे. सांगणाऱ्याचं नाव काढून टाकून माहिती सगळ्यांना खुली होते. पॅटर्न लिहिणाऱ्यांच्या परंपरेत याहून साधी एक वहिवाट आहे: निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्याशिवाय कशालाही पॅटर्न म्हणायचं नाही. हा दंडक खात्रीसाठी काढला, पण आपल्याकडं त्याचा दुसराच फायदा आहे. तीन नद्यांवरचे, तीन काळांतले, तीन कंत्राटदारांचे बंधारे एकत्र मांडले की लिखाण कुणा एका साहेबाबद्दल राहत नाही. नाव, गाव, निविदा क्रमांक गळून पडतात. उरतात नदीचा स्वभाव, दाराची रचना आणि काठाची माती. त्याच मंडळींच्या बैठकीतली आणखी एक रीत मला आपल्याकडं हवी आहे. लेखकाचं लिखाण बाकीचे त्याच्यासमोर चर्चेला घेतात, आणि तेवढा वेळ लेखकानं तोंड उघडायचं नाही. आपल्या परिसंवादात बरोबर उलटं चालतं: साहेब बोलतात, बाकीचे सत्काराच्या शाली मोजतात.

हे करायचं कुणी? नवी संस्था नको, समिती तर मुळीच नको. संभाजीनगरात कांचनवाडीला जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, १९८० पासून आहे. पाटबंधाऱ्याचे अभियंते तिथं प्रशिक्षणाला येतातच. प्रत्येक तुकडीनं जाताना एक पॅटर्न लिहून जावा, पुढच्या तुकडीनं तो फोडावा आणि दुरुस्त करावा. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडची गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, जिल्ह्याजिल्ह्यांतली तंत्रनिकेतनं यांच्याकडं दरवर्षी हजारो अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात. त्यांतले बरेचसे कुठून आणि कितीला येतात हे परीक्षकांनाही माहीत असतं. त्याऐवजी चार पोरांनी एका निवृत्त शाखा अभियंत्याला, एका वायरमनला आणि वाळूजच्या एका मेंटेनन्स फोरमनला गाठावं, तिघांकडं एकाच दुखण्याचे नमुने शोधावेत आणि चार पानं मराठीत लिहावीत. स्थापत्य, विद्युत आणि संगणक अशा वेगवेगळ्या शाखांची पोरं एका गटात हवीत, ही अट घालावी. विद्यापीठाच्या नियमांत ती बसत नसेल तर आधी नियम बदलावा लागेल, आणि हे काम इथंच अडेल अशी मला भीती आहे.

भाषा मराठीच का, यावर वाद घालायची मला गरज वाटत नाही. किटकॅटमध्ये तार कोण बांधतो, ते बघावं. ताऱ्यांची पद्धत मात्र जशीच्या तशी घ्यावी. शेतपंपांना वेगवेगळ्या वेळेचे टायमर, या तोडग्याला आज मी एकच तारा देईन. गणित जुळतं, दुसऱ्या शाखेत ते सिद्ध झालेलं आहे, पण शेवटचा नंबर कुणी घ्यायचा यावर एका डीपीवरच्या दहा जणांचं एकमत होईल का, आणि विहिरीला पाणी नसताना मोटार आपोआप चालू होऊन कोरडी फिरली तर काय, हे बांधावर बघायचं बाकी आहे. दिवसा वीज देणारे सौर फीडर सगळीकडं पोचले तर रात्रीच्या लाइनीची अट सुटेल आणि ऑटो स्विचची गरजही कमी होईल. मग त्या पॅटर्नच्या पहिल्या ओळीत तेही लिहावं लागेल: दिवसा लाइन असेल तिथं हे वाचू नये.